गोवराचा दुसरा डोस

मुलीचं जर्मनीला जायचं नक्की झालं तेव्हा तिकडच्या रुग्णालयाने कागदपत्रांची लांबलचक यादी पाठवली. पासपोर्ट, जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या सगळ्या गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले, जर्मन भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आणि मध्येच कुठेतरी गोवराच्या लसीचा पुरावा. जर्मनीत १ मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. १९७० नंतर जन्मलेल्या ज्या कोणाला दवाखान्यात काम करायचं असेल, त्याने गोवराचे दोन डोस घेतल्याचं किंवा अंगात प्रतिकारशक्ती असल्याचं दाखवावं लागतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पंचवीस वर्षांपूर्वीचं कार्ड आता कुठून आणू?" कार्ड माझ्याच कपाटात होतं, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मी हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गावात मला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बाया अजूनही नर्सबाई म्हणतात. दर लसीकरणाच्या दिवशी मी आयांना बजावत आले की कार्ड जपून ठेवा, लेकरू मोठं झालं तरी फेकू नका. ते कार्ड एक दिवस आपल्याच घरातून जर्मनीला जाईल असं मात्र मनात आलं नव्हतं.

कार्ड उघडून बघितलं. वर छापलंय 'जिल्हा परभणी'. त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ आणि शेजारी माझ्या अक्षरात 'हिंगोली'. १ मे १९९९ ला आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला आणि मुलगी त्याच वर्षी जन्मली. जिल्हा नवा झाला तरी छापील कार्डं जुनीच होती, ती संपेपर्यंत आम्ही काट मारून वापरली. खाली रकाने भरलेले. जन्मल्यावर बीसीजी आणि पोलिओ, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना त्रिगुणी, नवव्या महिन्याला गोवर. सगळ्या तारखा मीच लिहिलेल्या. टोचायला मात्र शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरला बोलावलं होतं, स्वतःच्या लेकराला सुई मारायला हात धजत नव्हता.

गोवराचा डोस एकच होता, कारण त्या काळी कार्यक्रमात एकच असायचा. दुसरा डोस आला तो २०१० नंतर. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना लस. तेव्हा मी शाळाशाळांतून हजारो दंड हाताळले, पण माझी मुलगी वयाने त्या मोहिमेच्या पुढे गेलेली होती. म्हणजे दुसरा डोस आता घेणं आलं.

नांदेडच्या एका दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. डॉक्टर ओळखीचे. त्यांनी लस तपासली आणि सिरिंज माझ्या हातात दिली. या वेळी हात धजला. डाव्या दंडावर तिचा बीसीजीचा जुना व्रण, उजव्या दंडात मी कातडीखाली सुई घातली. मग नियमाप्रमाणे अर्धा तास बसायचं होतं. लस दिल्यावर मी प्रत्येक आईला अर्धा तास थांबवते, त्या वेळात चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढं कधी यायचं, आणि कार्ड सांभाळून ठेवायचं. बाकावर बसून सवयीने मी मनात त्या चारही घोळवल्या. पुढं कधी यायचं, याशी अडखळले. माझ्या हिशेबी आमचा निरोप त्या बाकावरच झाला. पुढे हैदराबादच्या विमानतळावर झाली ती नुसती धावपळ. सामानाचं वजन, ट्रॉली, फोटो, तिच्या मामाच्या सूचना. आमच्या बाजूच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं, नांदेडवरून रात्रीची गाडी केली की सकाळी पोचता येतं. काचेच्या दारातून ती आत गेली, आम्ही परत फिरलो. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते नंतरचं आणि बरंचसं आधीचं.

माझं काम म्हणजे पोचणं. कोणाच्या घरी कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री माणूस दारात येऊन हाक मारायचा. १०८ ची गाडी आपल्याकडे आली २०१४ मध्ये. त्याआधी बैलगाडी, ट्रॅक्टर, कोणाची तरी जीप, नाहीतर चिखलातून पायी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की अलीकडे थांबून पलीकडच्या माणसांशी ओरडून बोलायचं आणि पाणी उतरलं की निघायचं. पण पोचायचं. या नोकरीत कोणाला 'उद्या येते' म्हणता येत नाही. माझी दोन्ही लेकरं उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढली, आणि त्यांच्या आठवणीतली आई म्हणजे अर्ध्या रात्री पिशवी उचलून बाहेर पडणारी बाई. मुलगी सहा-सात वर्षांची असताना एकदा घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तिला सोबत घेऊन गेले. बाळंतीण आतल्या खोलीत, ही ओसरीवर एका आजीच्या मांडीवर. बाळ रडल्याचा आवाज आला तशी ही उठून बसली. आजीला म्हणाली, "झालं, आता आई येईल." पुढे तिने नर्सिंग घेतलं तेव्हा लोकांना वाटलं की आईने लावलं. मी काही लावलं नव्हतं.

मुलगा पुण्याला चाकणच्या एका कंपनीत आहे. आमचं अर्धं गाव पुण्याला आहे म्हणा. तो गेला तेव्हाही घर रिकामं झालं होतं, पण ती रिकामपणाची जात वेगळी होती. त्याला ताप आला असं कळलं तर मी संध्याकाळची ट्रॅव्हल्स धरून पहाटे त्याच्या दारात उभी राहू शकते, आणि राहिलेही आहे. मुलीच्या बाबतीत हे संपलं. तिच्याकडे जायचं तर व्हिसा, विमा, तिकीट, महिने. ज्या बाईचा सगळा जन्म दुसऱ्याच्या लेकरापर्यंत वेळेत पोचण्यात गेला, तिचं स्वतःचं लेकरू आता अशा जागी आहे की जिथे ती एका रात्रीत पोचू शकत नाही. विरह, आठवण हे सगळं असतंच, ते सगळ्यांनाच असतं. मला टोचतं ते हे न पोचणं. पहिल्या हिवाळ्यात ती फ्ल्यूने पडली. मी व्हिडिओ कॉलवर तिची जीभ बघितली, श्वास मोजले, नखं दाखव म्हटलं. नाडी बघायला बोटं पुढे झाली आणि काचेवर टेकली.

तिकडच्या डॉक्टरने तिला ना सुई दिली, ना गोळ्यांची पिशवी. गरम चहा, पाणी, झोप आणि कामावर न यायची चिठ्ठी. मला ते पटलं. इथे तापाच्या माणसाला 'सुईची गरज नाही' हे पटवता पटवता माझा घसा बसतो. पण खरं थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. आजारपणात पगार कापला जात नाही. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की एका आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार द्यायचा, असा तिकडे कायदा आहे. ती हे सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तांडा आला.

आमच्या उपकेंद्राखाली एक बंजारा तांडा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथली बहुतेक घरं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आजारी पडून एक दिवस काम चुकलं तर मजुरी जातेच, वर खाडा बसतो, म्हणजे न केलेल्या कामाचा दंड. बाळंत झालेली बाई आठ-पंधरा दिवसांत फडात उभी राहिलेली मी बघितली आहे. निघण्याआधी आम्ही तांड्यावर जातो. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या जास्तीच्या देतो, लेकरांचे देता येतील ते डोस देतो, कार्डं हातात देऊन सांगतो की जिथे असाल तिथल्या सिस्टरला दाखवा. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे लिहितो 'स्थलांतरित'. पाडव्याच्या पुढेमागे ती माणसं परत येतात. कधी कार्डावर एक तारीख वाढलेली असते, बहुतेक वेळा नसते. शाळेत जाणारी लेकरं मागे आजी-आजोबांजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात.

या जिल्ह्यातून जाणं नवं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. नवं आहे ते हे की इथून एखादी पोरगी करार हातात घेऊन, तासांचा हिशेब, रजा, विमा सगळं कागदावर ठरवून जाते. मुलगी गेली तेव्हा ग्रामपंचायतीने आमचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. 'गावाचं नाव सातासमुद्रापार' वगैरे. माणसांनी प्रेमाने केलं, मी हात जोडून घेतलं. पण त्याच आठवड्यात तांड्यावरून ट्रक भरून निघाले होते आणि त्यांना निरोप द्यायला मी आणि आशाताई अशा दोघीच होतो. तेव्हा तिथल्या एका बाईने मला म्हटलं, "तुमची एकच पोर गेली, सिस्टर. आमचा सगळा तांडा जातो." मी काय बोलणार? खरंच होतं. ती ट्रकात चढली, वरून आपली तीन वर्षांची पोरगी कडेवर घेतली, आणि मला म्हणाली, "तरी बी लेकरू ते लेकरूच असतं हो. रडू येतंय तर रडून घ्या." दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना केली की आपलं कमी होतं असं पुस्तकात असेल. माझं झालं नाही. त्या बाईने मात्र मला तुलना न करता दुःखी व्हायची मोकळीक दिली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मुलीला जर्मनी कुठून सुचली, असं लोक विचारतात. जीएनएम करून ती आधी नांदेडला, मग पुण्याला खासगी रुग्णालयात होती. तिथे तिच्या खोलीत केरळच्या दोघी होत्या. केरळच्या मुली साठच्या दशकापासून चर्चच्या संस्थांमार्फत जर्मनीत परिचारिका म्हणून जात आल्या आहेत. त्या दोघींपैकी एकीची मावशी तिकडेच निवृत्त झालेली. म्हणजे तिच्या घरी हा रस्ता पायाखालचा होता, आमच्या घरी नकाशावरचासुद्धा नव्हता. मुलीने पुण्यात क्लास लावला. दिवसपाळी असेल तर संध्याकाळी, रात्रपाळी असेल तर झोप मोडून. मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली. आधी बी-वन, मग बी-टू. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं, असे चार भाग. एक भाग राहिला, तो पुन्हा दिला. फी हळदीच्या पैशातून गेली. आमची थोडी शेती आहे, सोयाबीन आणि हळद. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात तिच्या वडलांनी ढीग लावला की पट्टीतले पैसे बाजूला काढून ठेवायचे. त्या वर्षी घराचा पुढचा सज्जा घालायचा होता, तो राहिला. अजूनही राहिलेलाच आहे.

भाषा झाली तरी तिकडे गेल्या गेल्या कोणी परिचारिका होत नाही, हे इकडे फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या सगळ्या कागदांचं जर्मनमध्ये अधिकृत भाषांतर करावं लागतं. ते तिकडच्या सरकारी कार्यालयात गेलं की तिथले अधिकारी आपला अभ्यासक्रम आणि त्यांचा अभ्यासक्रम तोलून बघतात आणि काय कमी आहे ते लेखी कळवतात. मग एक तर त्यांच्या रुग्णालयात ठरावीक काळ शिकत काम करायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. तोवर हुद्दा मदतनिसाचा आणि पगारही तसाच. मुलगी स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात आहे. पूर्ण मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी तिने मला कागद कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण खालची सही आणि शिक्का बघून बरं वाटलं. सरकारी माणसाला शिक्क्याचा विश्वास असतो.

ती तिकडे काय करते हे तिने पहिल्यांदा नीट सांगितलं तेव्हा मी गप्प झाले. आपल्याकडे नर्स म्हणजे इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, नोंदी. रुग्णाला पुसणं, आंघोळ घालणं, घास भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक करतात. वॉर्डात एका खाटेमागे दोन माणसं बसलेली असतात. तिकडे रात्री नातेवाईक थांबत नाहीत. हे सगळं परिचारिकाच करते, आणि ते कामाचं कमी प्रतीचं अंग मानलं जात नाही. सुरुवातीला हिला अवघड गेलं. मग एकदा म्हणाली, "आई, एक आजी आहेत, नव्वदीच्या. मी त्यांची पाठ पुसते तेव्हा त्या डोळे मिटून गाणं म्हणतात. मुलगा म्युनिकला असतो. रविवारी फोन येतो."

मी इथे दर आठवड्याला म्हाताऱ्या माणसांचा बीपी बघते, साखर तपासते. गावातल्या किती घरांत आता नुसती म्हातारी माणसं आहेत ते माझ्या रजिस्टरात दिसतं. एक आजोबा बीपीच्या गोळ्या मुद्दाम संपवत नाहीत. गोळ्या शिल्लक राहिल्या की सिस्टर रागवायला येते, तेवढाच दहा मिनिटं माणूस घरात. मला हे कळून बराच काळ झाला. मी रागवते आणि दहाऐवजी वीस मिनिटं बसते. त्यांची मुलं वाईट नाहीत. एक पुण्यात सुरक्षारक्षक आहे, एक सुरतेत. त्यांना पोचता येत नाही म्हणून मी पोचते. म्युनिकच्या त्या मुलाला पोचता येत नाही म्हणून माझी मुलगी पोचते. माझ्या म्हातारपणी कोण, हा विचार येतो. नाही येत असं म्हणणारी आई मला भेटलेली नाही. पण तो विचार मुलीपुढे बोलून दाखवणं म्हणजे तिच्या पाठीवर दगड ठेवणं, आणि तिला दिवसभर माणसं उचलायची असतात.

आमच्या बोलण्याच्या वेळा तिच्या पाळ्यांवर ठरतात. उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार, कारण तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळं फिरवतो. तिच्या वडलांना हे आधी खरंच वाटेना. "घड्याळ कोणाच्या बापाचं आहे काय, म्हणे फिरवतात!" आता तेच मला आठवण करतात की उद्यापासून पोरगी तासभर उशिरा भेटंल.

त्यांच्याबद्दल लिहायला हवं, कारण आईचं मन, आईची माया यावर सगळे लिहितात आणि बाप शेताच्या बांधावर राहून जातो. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी काही म्हटलं नाही, नुसती घरच्या हळदीची पुडी डबल पिशवीत बांधून तिच्या बॅगेत ठेवली. पहिले काही महिने फोनवर एकच प्रश्न असायचा, "जेवलीस का?" उत्तर ऐकून फोन माझ्याकडे. मग एप्रिलमध्ये मुलीने सुट्टीच्या दिवशी सायकलवरून फिरताना शेताचा व्हिडिओ पाठवला. लांबच लांब मातीचे उंच बेड, त्यावर काळं प्लॅस्टिक, आणि ओळीने वाकलेली माणसं. श्पार्गेल नावाची पांढरी भाजी असते, मातीत असतानाच कापून काढतात. तिकडे तिचं फार वेड, हंगाम जूनच्या २४ तारखेपर्यंत. वडलांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. आपल्या हळदीचेही असेच बेड असतात. मग त्यांनी स्वतःहून फोन मागितला. "ही माणसं तिथलीच हायेत का?" मुलगी म्हणाली, नाही बाबा, रोमानियातून, पोलंडमधून येतात, हंगाम संपला की परत जातात. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे तिकडं बी टोळ्या येतात. त्यांची लेकरं कुठं ऱ्हातात, इचार की गं." त्या दिवसापासून बापलेक तासतास बोलतात, माती, पाऊस, मजुरी, भाव. तिला शेतीत कधी रस नव्हता. आता वडलांना सांगायला काहीतरी हवं म्हणून ती रस्त्याने जाताना शेतं बघत जाते.

आमच्यापासून जवळच, हिंगोली तालुक्यात, कयाधूच्या काठी नर्सी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आम्ही मानतो. आषाढीची वारी करून पंढरपूरहून परतणारे वारकरी पुढच्या एकादशीला नर्सीला येतात, तिला परतवारी म्हणतात. गर्दी लाखांनी असते. आरोग्य खात्याची पथकं लागतात, माझीही ड्युटी लागलेली आहे. पायाला फोड आलेली, पाणी कमी पडून चक्कर आलेली माणसं, ओआरएसची पाकिटं, मलमपट्ट्या. पंजाबातून शीख भाविकही इथे येतात, कारण नामदेव इथून तिथवर गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. सातशे वर्षांपूर्वी, पायी. आमच्या भाषणांतून हे नेहमी सांगितलं जातं. गोणाईचं कोणी सांगत नाही. गोणाई म्हणजे नामदेवांची आई. नामदेवांच्या गाथेत गोणाईच्या तोंडचे अभंग आहेत आणि ती त्यांत थेट विठ्ठलाशी भांडते, माझा मुलगा मला परत दे म्हणून. देवाचा मान ठेवत नाही, सरळ दोष देते. परतवारीच्या ड्युटीवर एका कीर्तनात मी ते ऐकलं आणि हातातली पट्टी तशीच राहिली. मुलगा चुकीच्या ठिकाणी गेलाय असं तिला वाटत नसणार. विठ्ठल तिलाही प्रिय असणार. तरी ती भांडते. आणि गाथेने तिचं भांडण काढून टाकलं नाही, देवाच्या महतीशेजारी तेही ठेवलं. आमच्या सत्काराच्या सभेत कोणी मला बोलायला सांगितलं असतं तर मी एवढंच मागितलं असतं: पोरीचं कौतुक करा, आणि आईबापांच्या भांडणालाही जरा जागा ठेवा.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार झाला, दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा. परिचारिका, वॉर्डबॉय, चालक, इलेक्ट्रिशियन. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसे २० हजारांवरून ९० हजार करू असं जाहीर केलं. वर्तमानपत्रात बातम्या आल्या तशा आयाबाया आणि बापलोक माझ्याकडे यायला लागले. लसीकरणाच्या दिवशी लेकरं बाहेर गेली की मागे एखादी थांबते. "सिस्टर, जरा बोलायचं हुतं."

मी त्यांना मला माहीत आहे तेवढं सांगते. भाषा येईपर्यंत कोणाला एक रुपया देऊ नका, भाषेच्या क्लासशिवाय. एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर त्याची नोंदणी आहे का ते आधी बघा. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून तीस हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही हातात द्यायची नाहीत. आमच्याकडे एकाने चार लाख आणि मूळ कागद मागितले होते, मुलगी उठून आली. जर्मनीत परदेशी परिचारिकांची भरती नीट करणाऱ्या संस्थांना तिथलं सरकार एक मानचिन्ह देतं, आणि भरतीचा खर्च मुलीकडून घ्यायचा नाही ही त्यातली अटच आहे. करार मराठीत समजून घेतल्याशिवाय सही नको. आणि गोवराचे दोन डोस आत्ताच तपासा.

परवा कळमनुरीकडची एक आई आली होती. मुलगी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला. नवरा नाही, सोयाबीनची दीड एकर, ही एकटी. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "तुम्हाला करमतं का, माय?"

"नाही करमत."

"मग पाठवू का नको?"

"पाठवा," मी म्हटलं. "आणि नाही करमलं तर माझ्याकडे या. फोन नंबर लिहून घ्या."

तिने पिशवीतून पोरीची फाइल काढली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव एक, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे तिन्ही एक करून घेतल्याशिवाय पासपोर्टचा अर्ज भरायचा नाही. मी कोरा कागद घेतला आणि कोणत्या कार्यालयात आधी जायचं ते एकाखाली एक लिहायला सुरुवात केली.